चांदूरच्या गंगूबाईचे पत्र

मुक्काम अकोला,
रविवार, पौष वद्य ३, शके १७८६

तीर्थस्वरूप देवीदासमामा यांस,

सुभद्रेचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व बरे आहे; सासूबाईंचा गुडघा थंडीने धरला आहे, एवढेच. दुर्गामामींना नमस्कार सांगावा. तुमच्या शकूसाठी संक्रांतीचा तिळगूळ पुडीत बांधला आहे. तिने काढलेली अक्षरे तुम्ही कागदावर उतरवून पाठवली होती, तो कागद मी माझ्या पेटीत जपून ठेवला आहे.

आता आश्विनातल्या माझ्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. तुम्ही पुस्तकालयाच्या कमिटीचे चिटणीस या नात्याने मला विचारले होते, की आमच्या मासिकाची मागणी करणारी जी पत्रे अमरावतीस आली, त्यांतले एखादे तुमच्या घरून गेले काय. मी उत्तर लिहिले की छापील पत्रकाशिवाय आमच्या घरून एक कागदही गेला नाही. ते खरे नव्हते. दोन पत्रे आमच्या घरून गेली होती.

तुम्हांस बरेचसे ठाऊक आहे, तरी आरंभापासून लिहिते. हे पत्र तुम्ही कमिटीपुढे वाचावे अशी माझी इच्छा आहे, आणि तिथे बसणाऱ्या शेटजींना आमचे घर ठाऊक नाही.

परवाच्या दसऱ्याला, म्हणजे सव्वा वर्षापूर्वी, आमच्याकडे शिळाछापाचा दगड आला आणि मासिक सुरू झाले. शेतीची माती, औषधी झाडे, पाऊस मोजण्याची रीत, यंत्रे, असे विषय. लिहिणारा एक कारकून ठेवला होता. शिळाछापात सगळे त्या लिहिणाऱ्यावर असते. तो पिवळ्या कागदावर चिकट शाईने लिहितो, तो कागद दगडावर उलटा दाबायचा, आणि त्याच्या हातचे जसे उमटले तसेच शंभर ठिकाणी जाते. दोन महिन्यांत तो कारकून कापसाच्या दलालाकडे गेला. या तेजीत अकोल्यात लिहिता येणारा माणूस कोणाला मिळत नाही. सगळे गठ्ठ्यांवर खुणा लिहीत बसले आहेत. तेव्हा इकडून, म्हणजे घरधन्यांकडून, मला विचारणे झाले, "तुले येते ना लिवता? मंग लिव." तेव्हापासून मासिकाचे प्रत्येक पान माझ्या हातचे आहे. आम्ही हे बाहेर सांगितले नाही.

मासिक एकेका माणसाने घेऊन चालणार नव्हते. ज्यांच्याकडे पैसा आहे ते वाचत नाहीत, आणि वाचणारे एकट्याने घेऊ शकत नाहीत. पुस्तकालयाने घेतले तर एका अंकाला वीस वाचक मिळतात, आणि एका पुस्तकालयाचे पाहून दुसरे घेते. म्हणून गावोगावच्या पुस्तकालयांच्या कारभाऱ्यांना पत्रके गेली. उत्तर एकट्या अमरावतीहून आले. ते तिथले कारभारी खुशालराव यांचे होते. ते पत्र माझ्यापाशी आहे, त्यातले थोडे उतरवते:

"आपल्या पत्रकात मासिक उत्तम आहे असे सात ठिकाणी लिहिले आहे, आत काय आहे ते एकाही ठिकाणी नाही. स्तुती पाठवू नये. एक पूर्ण अंक पाठवावा, म्हणजे आठ दिवस मेजावर ठेवून किती जणांनी हात लावला ते कळवीन. अंक दर महिन्यास ठरल्या दिवशी पोचेल काय? वर्ष संपता विषयांची यादी द्याल काय, म्हणजे मागचा लेख शोधता येईल? कागद पाच हातांत फिरून फाटू नये. आणि आमचा नियम असा आहे, की पाच निरनिराळ्या वाचकांनी लेखी मागणी केल्यावाचून नवे मासिक कमिटीपुढे ठेवता येत नाही."

इकडे ते पत्र वाचून हसणे झाले. "हा कारभारी हाय का सासरा?" मी मात्र ते चार वेळा वाचले. आम्ही काय करावे ते इतके स्वच्छ कोणी सांगितले नव्हते. मी अंक पाठवला, जाड कागद घ्यायला लावला, विषयांची यादी करायला घेतली. आठ दिवसांनी त्यांची चिठ्ठी आली: अकरा जणांनी अंक उघडला, चौघांनी पूर्ण वाचला, लेखी मागणी कोणी केली नाही. माघाचे दिवस होते. ज्यांनी वाचला त्यांना कापूस गाडीत भरायचा होता. दौतटाक घेऊन बसायला कोणाला वेळ होता?

आणखी दोन अंक आम्ही धीर धरला असता तर ती पाच पत्रे आली असती. हे मला तेव्हाही वाटत होते.

पण घरात असे ठरले की पत्रे आपणच लिहावी. फाल्गुनात कापसाच्या गाड्या चहूकडे जात होत्या. गाडीवानांजवळ देऊन दर्यापूर, तिवसा, चांदूर अशा निरनिराळ्या ठिकाणच्या टपालात ती टाकवली. चैत्रात तुमच्या कमिटीने दोन प्रती मंजूर केल्या. मग आम्ही वेष्टनावर छापले, "अमरावतीच्या पुस्तकालयाने वाचकांच्या मागणीवरून घेतलेले." त्या एका ओळीवर आणखी सात पुस्तकालयांनी मासिक घेतले. खुशालरावांचे आभार म्हणून पहिल्या सहा महिन्यांचे अंक कापडात बांधून, वर त्यांचे नाव घालून त्यांना भेट गेले. त्यांनी मागितले नव्हते. हीच बांधणी पुढे कमिटीपुढे लाच म्हणून ठेवली गेली.

मी वर दोन पत्रे म्हटले आहे. ती पाच होती. पाचही मी लिहिली. वरची ओळ खोडत नाही, कारण एवढे ठरवून बसल्यावरही माझ्या हातून आधी दोनच आले, हे तुम्हांस दिसू द्यावे.

आणि "घरात ठरले" हेही बरोबर नाही. इकडे नुसते चिडणे चालले होते, "पाच मानसं कोठून आनू मी?" तेव्हा मी म्हणाले की कारभाऱ्याला आपण सांगितलेले नको आहे, दारात येणारा काय मागतो ते तो पाहतो, मागणारे नसतील तर मागणारे करावे लागतील. मी ते अक्कल दाखवायला बोलले. इकडून माझ्याकडे पाहणे झाले आणि म्हणणे झाले, "मंग कर." मला तेव्हा अभिमान वाटला. मामा, ते तसेच होते.

चार पत्रे मी हात बदलून लिहिली. एक शेतकऱ्याचे, एक पंतोजीचे, दोन दुकानदारांची. कुठे मोडी, कुठे बाळबोध. कुठे बोरूचे टोक तोडून. त्या चार नावांत मला काही वाटले नाही. पाचवे चांदूरच्या गंगूबाईचे. एखादी बाई असावी, म्हणजे कारभाऱ्याच्या लक्षात राहील, असा हिशेब करून मी ते घेतले, आणि लिहायला बसल्यावर हिशेब राहिला नाही. फुलांचे मळे करणाऱ्या घरची बाई, लहानपणी मामाने वाचायला शिकवले, सासरी पंचांगाशिवाय पुस्तक नाही, भिंतीवर कोळशाने लिहिलेले हिशेबच वाचून काढते, पुस्तकालयात बायांना जाता येत नाही; हे मासिक तिथे आले तर भाऊ बाजाराच्या दिवशी वाचून येईल आणि तिला सांगेल. असे सगळे मी लिहून गेले. हात बदलायचे विसरले.

त्या पत्राने खुशालराव फसले. फसले म्हणणेही बरोबर नाही. त्यांनी ते मनावर घेतले. त्यांनी गंगूबाईस चांदूरच्या पत्त्यावर पत्र टाकले, ते परत आले. त्यांना वाटले, टपालवाल्याला बाईचे नाव लागले नसेल. मग त्यांनी तुमच्याच कमिटीकडून परवानगी काढली, की ज्या बाईला येता येत नाही तिच्या घरी महिनाभर दोन पुस्तके द्यावी. ते तुम्हांस आठवत असेल. तुम्ही सही केली होती.

यापुढची गोष्ट मी आजवर कोणास सांगितली नाही. श्रावणात पंचमीला मी तुमच्याकडे आले होते. मामींबरोबर मी पुस्तकालयाच्या मागच्या अंगाने गेले, जिथे खुशालराव आणि त्यांच्या मंडळी मनकर्णाबाई एका खोलीत राहत. मनकर्णाबाईंनी आम्हांला ओसरीवर बसवले. मासिकवाल्यांची बायको म्हटल्यावर त्यांनी मला नीट पाहून घेतले.

"तुमच्या त्या मासिकानं आमच्या घरात भांडन लावलं," त्या म्हणाल्या. "चांदूरच्या कोन्या बाईचा कागद आला तवापासून हे त्याच नादात हायेत. मी म्हनलं, सवत आनता का काय? आनत असान तं वाचनारी आना, मले रोज वाचून तं दाखवीन."

मामी हसल्या. खुशालराव दारातच उभे होते, तेही हसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पंधरा वर्सं झाली मले शिकवता शिकवता, बाई. आधी खेड्यावर, मंग इथं. इथं सारे कापसाचा भाव वाचाले येतात. आपून होऊन मले वाचाले पाह्यजे असं लिवनारी ही पहिली. पोळ्याची सुट्टी भेटली का दोन पुस्तकं घेऊन जातो चांदूरले."

"पायी?" मामींनी विचारले.

"नऊ तं कोस हाय."

मला तेव्हा बोलता आले असते. त्या ओसरीवर माझ्या सासरचे माणूस कोणी नव्हते, फक्त मामी. मी पाण्याचे भांडे खाली ठेवले आणि म्हणाले, "चिखल असेल." एवढेच म्हणाले. मनकर्णाबाईंनी माझ्या ओटीत एक नारळ आणि मूठभर तांदूळ घातले.

पुढचे तुम्हांस माहीत आहे. पोळ्याच्या कराला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, ते चिखलातून चांदूरला गेले आणि माळ्यांच्या घरोघर विचारत फिरले. परक्या पुरुषाने एका बाईचे नाव घेऊन दारोदार विचारणे, तिथे त्यांना काय ऐकावे लागले असेल ते मी मनात आणत नाही. गंगूबाई नव्हती. परत येऊन त्यांनी मागणीच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिले, "या नावाची कोणी बाई त्या गावी नाही," आणि बाकीच्या चौघांचा तपास काढला. तेही नव्हते. मग हे सगळे त्यांनी आपण होऊन कमिटीपुढे ठेवले. कोणी विचारले नव्हते. झाकले असते तर झाकून गेले असते.

शेटजी म्हणाले की चोरच ओरडतो आहे. खोलीत बांधणी सापडली, तीवर त्यांचे नाव. तेव्हा तुम्ही मला ते पत्र लिहिले, आणि मी ते उत्तर पाठवले. माझे उत्तर कमिटीत वाचले गेले, आमचे घर सुटले, आणि जो उरला त्याच्यावर गेले. दिवाळीच्या आधी चार दिवस त्यांना खोली सोडायला लावली.

ते दर्यापूरच्या पलीकडे आपल्या गावी गेले. कार्तिकात तिकडे तापाची साथ होती, हे अकोल्यात सगळ्यांना ठाऊक होते. तिकडच्या गाड्यासुद्धा येईनाशा झाल्या होत्या. मार्गशीर्षात आमच्याकडे एक पुडके आले. आत ती कापडी बांधणी, आणि हा कागद:

"ही भेट मी घ्यायला नको होती, परत करतो. पाने मळली आहेत त्याची क्षमा असावी. माझ्या मंडळींना आजारात ऐकायला हवी असे. त्या कार्तिक वद्य षष्ठीस गेल्या. आपल्या मासिकावर माझ्यामुळे ठपका आला असेल तर मला वाईट वाटते. एक विनंती. चांदूरचे पत्र कोणीतरी लिहिले आहे. ज्याने लिहिले त्याने खोटे नाव घातले असेल, पण आतले खोटे नाही, असे मला अजून वाटते. आपल्याला कधी कळले तर मला कळवावे."

इकडे तो कागद वाचून होताच चुलीत गेला. मी वाचताना पाठ करून घेतला, म्हणून लिहिता आला. बांधणी माझ्याजवळ आहे. औषधी झाडांच्या लेखात तापाच्या काढ्याचे पान आहे, तिथे कागद बोटांनी झिजला आहे. ते पानही माझ्या हातचे आहे.

आणि आता गेल्या बुधवारी तुमचा मसुदा आला. येत्या रविवारी कमिटी बसेल तेव्हा सह्या करायला चाळीस प्रती छापून तयार हव्यात: खुशालराव यांना खोटी मागणीपत्रे रचल्यावरून काढले आहे, वऱ्हाडातल्या व बाहेरच्या कोणत्याही पुस्तकालयाने त्यांस ठेवू नये. तुम्ही प्रेमाने हे काम आमच्याकडे दिले, म्हणजे चार पैसे घरातच राहतील. मामा, ते पिवळ्या कागदावर मला लिहायचे आहे. मी पहिल्या दोन ओळी लिहिल्या. तिसरीत त्यांचे नाव येते. तिथे चार दिवस झाले, टाक वाळला आहे.

काल सकाळी मी इकडे सांगितले की हे मी लिहिणार नाही आणि अमरावतीस जाऊन खरे सांगणार. आरडाओरडा झाला नाही. दगड घासणे चालले होते, ते चालूच राहिले.

"एका मानसाचं नाव हाय ते," म्हणणे झाले. "तो एकटा हाय आता. इथं आठ मानसं जेवतात या दगडावर. सात पुस्तकालयं उद्या अंक वापस करतीन."

मी म्हणाले की मी कोणाचे नाव घेणार नाही, फक्त माझे सांगेन.

"तुह्या नावाच्या मांगं कोनाचं नाव हाय ते लोकायले समजत नाही काय?"

सासूबाई जात्यापाशी होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "म्या तवाच म्हनलं होतं, बाईच्या हाती टाक देऊ नोका. आता भोगा." मग हळू, "अन् वापस कोठं येशीन? हे बी पाह्यलं का तू?"

पाहिले आहे. तुमच्या घरी ठेवून घ्या असे मी लिहीत नाही, कारण मग हे पत्र त्यासाठी लिहिले असे होईल.

मला दुसरीच भीती आहे. आपल्या घराण्यात वाचायला शिकलेली मी पहिली. तुमच्या गल्लीत लोक तुम्हांस काय बोलत होते ते मी लहानपणी ऐकले आहे. आता ते म्हणतील, बघा, शिकवून काय झाले. त्यांना उत्तर देता येणार नाही, कारण ते बरोबरच म्हणतील. मला लिहिता आले नसते तर मनकर्णाबाई आज असत्या. एवढेच मागते, की माझ्यावरून शकूची पाटी काढून घेऊ नये. पण घ्यायचीच ठरली तर मी त्या भीतीने थांबणार नाही. दोन रात्री याच एका गोष्टीने मी थांबले होते, आता ती पाहून झाली.

आणखी एक. लिहू नये असे वाटते, तरी लिहिते. मागणीपत्रे चिटणीसाच्या दप्तरात राहतात. गंगूबाईचे पत्र तुम्ही पाहिले आहे. माझे बोट धरून वाळूत अक्षर तुम्ही गिरवून घेतले. माझा हात ओळखायला तुम्हांस दुसऱ्या कोणाची गरज नाही. तरी तुम्ही मला पत्राने विचारले, आणि मी नाही म्हटल्यावर पुन्हा विचारले नाही. मी त्याचा अर्थ काढत नाही. तुम्ही मला वाचवायला गप्प राहिला असाल तर आता राहू नका. आपण दोघे गप्प राहिलो, आणि त्याची किंमत तिसऱ्याच घरातून गेली.

हे पत्र कमिटीपुढे वाचणे तुम्हांस कठीण वाटेल, हे मला कळते. म्हणून मी स्वतः येते. गुरुवारी सकाळी इथून सरकीच्या गाड्या निघतात, त्यांत आमच्या शेजारच्या कौशल्याबाई माहेरी बडनेऱ्यास जात आहेत. त्यांच्या गाडीत मला जागा आहे. तिथून पुढे चालत शनिवारी संध्याकाळी मी अमरावतीस पोचेन. तुमच्या दारी न येता देवळात उतरेन, म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही. कमिटीने विश्वास ठेवला नाही तर पाचही पत्रे त्यांच्यासमोर पुन्हा त्याच पाच हातांनी लिहून दाखवीन. शब्दन् शब्द मला पाठ आहे. खुशालरावांना मी आजच वेगळे पत्र टाकले. त्यांनी विचारले होते, त्याचे उत्तर आधी जायला हवे होते.

चाळीस प्रती छापल्या जाणार नाहीत. निदान माझ्या हातच्या नाहीत.

मामींना यातले जेवढे सांगावेसे वाटेल तेवढे सांगा. मी रविवारी, पौष वद्य दशमीस, तिसऱ्या प्रहरी कमिटी बसेल तेव्हा पुस्तकालयाच्या पुढल्या दारात उभी असेन.

तुमची भाची, चांदूरचे पत्र लिहिणारी,
सुभद्रा